जुन्या गाडीचा हर्रास: बोली लावण्याआधी

‘निर्लेखित वाहनांचा जाहीर लिलाव’ अशी चार ओळींची सूचना देशोन्नतीत, लोकमतमध्ये किंवा अमरावतीच्या हिंदुस्थानात आतल्या पानावर छापून येते आणि वऱ्हाडातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये फोनाफोनी सुरू होते. कोणत्या खात्याची गाडी आहे, जीप की ॲम्बेसेडर, पाहायला कधी मिळेल? जुनी जीप घरी आणायचा हा या भागातला कित्येक वर्षांचा सरळ मार्ग होता. सरकारी खात्यांच्या महिंद्रा जीपा हर्रासात निघायच्या. शेतकरी किंवा छोटा ठेकेदार ती घ्यायचा, मिस्त्रीकडून इंजिन बांधून घ्यायचा आणि पुढे वर्षानुवर्षं वावरात चालवायचा.

हा मार्ग आता जवळपास बंद झाला आहे. लोक अजूनही त्याच्याच भरवशावर पैसे गुंतवतात, म्हणून ते आधी सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘५२-अ’ हा नियम आला. त्यानुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र आणि राज्य सरकार, महापालिका, नगरपरिषदा, एसटी महामंडळ, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण थांबलं. अशा गाडीने नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडीत निघायचं. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली उभी असलेली १९९५ ची सरकारी जीप तुम्ही कितीही जीव लावून दुरुस्त केली, तरी तिच्या आरसी बुकावर तुमचं नाव चढणार नाही.

याच नियमाचा एक फाटा खासगी व्यवहारात पाय अडकवतो. २०२३ च्या आधी लिलावात घेतलेल्या, पण नाव ट्रान्सफर न केलेल्या जीपा खेड्यापाड्यांत अजून आहेत. मालक म्हणतो, ‘लिलावात घेतली, पावती आहे.’ आरसीवर मात्र खात्याचंच नाव असतं. कागदोपत्री ती अजून सरकारी आणि पंधरा वर्षांवरची गाडी आहे. पावती कितीही खरी असली तरी नाव आणि पासिंग दोन्ही अडतं. स्वस्त मिळते म्हणून अशी जीप घेऊ नका.

थोडक्यात, जुन्या गाडीच्या लिलावात खरा भाव कागदांना असतो. इंजिन बांधता येतं, पत्रा नवा ठोकता येतो, पाटे आणि गिअर बॉक्स मिळतात. रद्द झालेली नोंदणी मात्र कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही. म्हणून सूचना हातात आली की आधी एकच शब्द शोधा: ‘भंगार’. गाडी भंगार म्हणून विकली जात असेल तर तिची नोंदणी रद्द झालेली असते किंवा होणार असते. तिच्यातून मिळतील ते फक्त सुटे भाग. अशा गाडीची चेसिस घेऊन तिच्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर चढवणारे कारागीर भेटतात. तो गुन्हा आहे आणि पकडला जातो तो शेवटचा खरेदीदार.

मग चालू नोंदणीसह जुनी गाडी कुठे मिळेल? ती पाच-सहा ठिकाणी मिळू शकते, पण प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी.

पोलीस ठाण्यांच्या आवारातली बेवारस आणि जप्त वाहनं अधूनमधून लिलावात निघतात. त्यात दुचाकीच जास्त असतात. राजदूत, येझदी किंवा जुनी चेतक शोधणाऱ्याने या लिलावांवर लक्ष ठेवावं. अडचण अशी की बऱ्याचदा सगळी वाहनं एकगठ्ठा विकली जातात आणि बोलीला मोठे कबाडी उतरतात. एकेक गाडी सुटी विकणार का, हे लिलावाआधी जाऊन विचारा. राज्य उत्पादन शुल्क विभाग दारूच्या वाहतुकीत पकडलेल्या गाड्या सरकारजमा करून विकतो. त्या बहुधा फार जुन्या नसतात, पण एखादी मारुती ८०० किंवा जिप्सी मिळून जाते. महसूल खातं पूर्णा आणि तिच्या उपनद्यांमधून चोरटी रेती नेणारे ट्रॅक्टर आणि टिप्पर पकडतं. दंड भरला नाही की तहसीलदारांमार्फत त्यांचा लिलाव होतो. जुना ट्रॅक्टर हवा असेल तर तहसील कार्यालयाच्या सूचना फलकावर नजर ठेवावी. कर थकवल्यामुळे आरटीओने अटकावून ठेवलेली वाहनंही विकली जातात.

हे लिलाव आता मोठ्या प्रमाणात ऑनलाइन होतात. केंद्र सरकारची १९६४ साली स्थापन झालेली कोलकात्याची ‘एमएसटीसी’ कंपनी सरकारी मालाचे ई-लिलाव चालवते. तिच्याकडे खरेदीदार म्हणून आधी नोंदणी करावी लागते, त्यामुळे सूचना पाहून आदल्या रात्री धावपळ करून उपयोग नाही. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवरचा सूचना विभागही आठवड्यातून एकदा पाहत चला.

बँका, पतसंस्था आणि फायनान्स कंपन्यांचे लिलाव वेगळे. हप्ते थकलेल्या गाड्या यार्डात आणून विकल्या जातात. त्यात खरीखुरी जुनी गाडी क्वचित दिसते, कारण पन्नास वर्षांच्या फियाटवर कोण कर्ज देणार? तरी टाटा ४०७, जुने ट्रॅक्टर आणि कमांडर जीपा तिथे येतात. मूळ मालक सही करायला येणार नसतो, म्हणून फायनान्स कंपनीला आधी आपल्या नावाने नवीन आरसी काढावी लागते. त्यासाठी फॉर्म ३६ असतो. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर ती तुमच्या नावावर होते. ‘आरसी नंतर देऊ’ असं यार्डातला माणूस म्हणाला तर किती दिवसांत देणार हे लेखी घ्या. थकलेला कर आणि ई-चलान कोण भरणार, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

सरकारी जाहीर लिलावातून घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म ३२ आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत तो आरटीओत द्यायचा असतो. त्यासोबत आरसी आणि विमा तर लागतोच. शिवाय लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याने तुमच्या नावे दिलेला विक्रीचा दाखला आणि मुळात लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रतही लागते. ही दुसरी प्रत मागायचं लोक विसरतात. पैसे भरण्याच्या दिवशीच ती मागा. सहा महिन्यांनी गेलात तर साहेब बदललेले असतात आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये पोहोचलेली असते. गाडी एखाद्या गुन्ह्यातली असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रतही हवी. जप्त गाडीवर नंबर नसेल किंवा असलेला खोटा निघाला, तर आरटीओ आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावाने नवा नंबर देतं आणि मग हस्तांतर नोंदवतं. नियमात ही सोय आहे. नंबर नसलेली गाडी दिसली म्हणून लगेच माघार घेऊ नका. खात्याला आणि आरटीओला विचारून पाहा.

१९८९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांची एक खास अडचण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ लागू झाल्यावर एमएच-२७ अमरावती, एमएच-३० अकोला अशी मालिका आली. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांच्या नोंदी कार्यालयातल्या जाड रजिस्टरांत आहेत आणि त्यातल्या कित्येक अजून ‘वाहन’ प्रणालीत चढलेल्या नाहीत. मोबाइलवर नंबर टाकला आणि काही दिसलं नाही, म्हणजे गाडी खोटी असं नाही. तिची ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते आणि त्यासाठी रजिस्टरमधली मूळ नोंद सापडावी लागते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. रिसोड-मालेगावकडची त्याआधीची गाडी असेल तर तिची नोंद शोधायला अकोल्यालाच जावं लागणार, हे ध्यानात ठेवा. बोली लावायच्या आधी नंबर घेऊन आरटीओत जा आणि नोंद आहे का एवढंच पाहा. चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत इंजिन आणि चेसिस नंबर तपासता येतो.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. बाजार समितीत तुरीचा ढीग वरून पाहून कोणी बोली लावत नाही, हात कोपरापर्यंत आत घालून खालचा दाणा काढून पाहतो. गाडीही तशीच पाहायची असते. पाहणीच्या दिवशी विजेरी, लोहचुंबक, तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन जा. सोबत तुमचा मिस्त्री असू द्या. त्याची दिवसाची मजुरी गेली तरी चालेल.

सगळ्यात आधी चेसिस नंबर. मळ रॉकेलने पुसा, ब्रश मारा आणि आकडे पाहा. अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का? आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंगची जोडपट्टी आहे का? तसं काही दिसलं तर तिथूनच परत फिरा. गाडी कितीही देखणी असली तरी. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीत बांधलेल्या जीपा आपल्याकडेही येतात. दिसायला त्या जुन्या विलिससारख्या असतात, पण कित्येकदा वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जुळवून उभ्या केलेल्या असतात. अशा जीपेच्या चेसिस नंबराकडे दुप्पट लक्ष द्या.

मग पत्रा. इथे वऱ्हाड आपल्या बाजूने आहे. कोकणातली किंवा मुंबईतली गाडी खालून सडते, फ्लोअर हाताने तुटतो. अकोल्याच्या कोरड्या उन्हात पत्रा बरा टिकतो. म्हणून याच भागात आयुष्य काढलेली गाडी मुंबईहून आलेल्या चकचकीत गाडीपेक्षा मला केव्हाही अधिक विश्वासाची वाटते. उन्हाचे वार मात्र दुसरीकडे दिसतात. रबर, होज, वायरिंगचं आवरण, डॅशबोर्ड आणि सीटचा फोम यांचा चुरा झालेला असतो. ते सगळं नवीन घालायचं हे गृहीतच धरा. काळ्या मातीवर तीन-चार पावसाळे उभी राहिलेली गाडी चाकांनी खचते. मग चिखल चेसिसला टेकून राहतो आणि तेवढ्याच भागाला गंज चढतो. म्हणून खाली वाकून पाहा. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे लांबी भरलेली आहे.

आवारात उभ्या गाड्यांचे भाग चोरीला जातात हे सगळ्यांनाच माहीत आहे. बॅटरी नसणारच. कार्बोरेटर, डायनामो, स्टार्टर आणि रेडिएटर जागेवर आहेत का, ते फोटोसह नोंदवा. पाहणी आणि ताबा यांच्या मधल्या काळातही भाग कमी होतात. तुमच्याकडे तारखेसह फोटो असतील तर ताबा घेताना बोलता येतं. सूचनेत ‘जसे आहे, जेथे आहे’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतरची तक्रार फारशी ऐकली जात नाही.

इंजिन सुरू करून पाहता येणार नाही. मग मिस्त्रीला सांगा, पुलीला पाना लावून क्रँक फिरतो का ते पाहा. फिरत असेल तर अर्धी चिंता मिटली. जाम असेल तर बोअर-पिस्टनपासून पूर्ण इंजिनकाम धरूनच हिशेब करा.

हिशेबाचं एक उदाहरण. समजा ६०,००० रुपयांची बोली जिंकलात. त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर १०,८०० रुपये गेले. गाडी उचलून नेण्याचा खर्च वेगळा, पाच टायर, बॅटरी, वायरिंग, ब्रेक आणि इंजिनकाम वेगळं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण लागतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ५,००० रुपये आहे आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० करण्यात आली. त्यावर पर्यावरण कर आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. म्हणून माझा सल्ला असा की खिशात जेवढे पैसे आहेत त्याच्या एक तृतीयांशावर बोली थांबवा. हा आकडा घरी कागदावर लिहून ठेवा. हर्रासाच्या गर्दीत दोन कबाडी एकमेकांवर चढत असतात, तिथे माणूस आपला आकडा विसरतो. हातची, म्हणजे ठरवलेली किमान किंमतच तुमच्या आकड्याच्या वर असेल तर अनामतही भरू नका. बोली कमी पडली म्हणून लिलाव रद्द होतात आणि पुन्हा निघतात. दुसऱ्या फेरीची वाट पाहणाऱ्याला बऱ्याचदा बरा भाव मिळतो.

गाडी मिळाली की ती चालवत घरी नेण्याचा मोह होतो. अमरावती-अकोला महामार्गावर तर तो जास्तच होतो. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला होता. पण विमा नसलेल्या, ब्रेक न तपासलेल्या गाडीने अपघात झाला तर नुकसानभरपाई जन्मभर फेडावी लागेल. गाडी टोचन लावूनही नेऊ नका. कॅरिअरवर चढवा.

कोणती गाडी घ्यावी? वऱ्हाडात राहणाऱ्याला मी पहिली शिफारस डिझेल महिंद्रा जीपेची करीन आणि त्याचं कारण पूर्ण व्यावहारिक आहे. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी देशभर पसरली. जुन्या जीपांच्या मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेलं असायचं ते याच काळातलं. मूळ पेट्रोल इंजिन फार तेल पितं. नंतरच्या डिझेल जीपांमध्ये इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन आलं. त्यामुळे दर्यापूर, अकोट किंवा अंजनगावच्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानात या जीपेचं बरंच सामान मिळतं आणि ते बसवणारा मिस्त्रीही तिथेच भेटतो. हे भाग्य इतर कुठल्या जुन्या गाडीच्या वाट्याला येत नाही. अर्थात जीप खासगी मालकाच्या नावावर असलेलीच हवी.

प्रीमियर पद्मिनी ही दुसरी. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, पण १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचं काम जाणणारे हात अजून आहेत आणि सामान मुंबईहून मागवता येतं. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचेही भाग मिळतात. स्टँडर्ड हेराल्ड दिसायला गोड, पण काच किंवा दिवा फुटला तर महिने जातात. पहिलीच जुनी गाडी म्हणून ती घेऊ नका. १९८३ ते १९८६ मधली पहिली मारुती ८०० कुठे दिसली तर मात्र नीट पाहा. आज तिला कोणी ‘जुनी’ म्हणत नाही, म्हणूनच ती स्वस्तात सुटते.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून वेगळी सोय आहे. मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन न बदललेली दुचाकी किंवा प्रवासी चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. डिझेल इंजिन बसवलेली जुनी फियाट यात बसणार नाही. म्हणून पन्नाशीच्या जवळची गाडी घेताना मूळ इंजिन जागेवर आहे का, हे आधी पाहा.

ट्रकला ही सोय नाही. १९५४ ते १९६९ या काळात टेल्कोने बेन्झच्या सहकार्याने बनवलेला, नाकावर तारा असलेला ट्रक पाहून मन हलतं, हे मला समजतं. परतवाड्याच्या लाकूड व्यापारात आणि अकोल्याच्या जिनिंगमध्ये अशा ट्रकांनी हयात घालवली. पण कायद्याने तो मालवाहतूक वाहन आहे. फिटनेस, परमिट आणि कर यांतून त्याची सुटका नाही. हौसेसाठी घ्यायचा तर आपल्या आवारात उभा ठेवण्यासाठी घ्या. कामासाठी हवा असेल तर चालू फिटनेस असलेली टाटा ४०७ बघा.

आणि एक जागा जिथे सूचना छापून येत नाही. जुने वाडे, बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टऱ्यांची शेडं, वाटणीच्या वादात कुलूप लागलेली गोडाऊनं. भावाभावांच्या वाटणीत न्यायालयाच्या किंवा पंचांच्या समक्ष घरातल्या घरात बोली लागते. हिस्सेदारांपैकी कोणालाच गाडी नको असेल तर बाहेरच्याला विचारलं जातं. तिथे एकच मालक, एकाच घराण्याचं आरसी बुक आणि सावलीत उभी गाडी मिळते. मालक वारला असेल तर आधी वारसांच्या नावावर हस्तांतर करून घ्या. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो. सर्व वारसांची संमती नसेल तर व्यवहाराला हात लावू नका.

बँका आणि पतसंस्था मार्चअखेर वसुलीवर जोर देतात, त्यामुळे यार्डातली गर्दी त्या सुमारास वाढते. एमएसटीसीची खरेदीदार नोंदणी जानेवारीतच उरकून घ्या, मिस्त्रीशी बोलून ठेवा, आणि पाहणी पावसाळ्याआधी होईल असं बघा. जूननंतर काळ्या मातीत उभ्या गाडीच्या खाली वाकून काहीच दिसत नाही.